जर्मेनियमची सुंदरी

"काय गाजूलबाई, सुंदरीला आंघोळ घालायलाय काय?" ढवणसाहेबांनी विचारलं आणि तबलजीपासून झांजवाल्यापर्यंत सगळं मंडळ खो खो हसलं.

मी हसले नाही. मांडवाच्या मागे पाण्याच्या माठाला टेकून बसले होते आणि एका ॲल्युमिनियमच्या डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळत होते. सोलापूरचा मे महिना. उन्हं कलायला लागली होती, पण मांडवावरचे पत्रे अजून असे तापलेले की खाली उभं राहिलं तरी डोकं भणभणावं. पलीकडे मैदानात सगळ्या गिरण्यांचे कामगार आणि त्यांची बायकापोरं जमली होती. वर्षाचा कामगार मेळा होता आणि वाद्यमंडळांची स्पर्धा त्यातलं मुख्य आकर्षण. आमच्या गिरणीचा नंबर शेवटून दुसरा होता.

"हसा हसा," मी म्हणाले, "ही तापली की मुकी होते. मग तुम्हीच रडाल."

"तापली की मुकी होते! बायकोला सांगतो," तबलजी म्हणाला आणि पुन्हा हशा पिकला.

सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. आकारानं वीतभर, पण आवाज असा गोड आणि टोकदार की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. आमच्या मंडळात ती सिद्रामप्पा म्हेत्रे वाजवायचे. मोठाल्या लग्नांत घोड्यावरचा नवरा सोडून लोक आप्पांकडे बघत. त्यांनी स्वतः बांधलेली एक धून होती, ती आमच्या गिरणीची ओळखच झाली होती. पण त्या हिवाळ्यात आप्पांच्या हिरड्या सडल्या आणि डॉक्टरांनी पुढचे सगळे दात काढले. ओठांना आतून आधार राहिला नाही की सुंदरीची पत्ती धरता येत नाही. आप्पा फुंकायचे, नुसती हवा यायची. एके दिवशी त्यांनी सुंदरी पुसली, कापडात गुंडाळली आणि ती पुन्हा काही बाहेर काढली नाही.

मी तेव्हा वाइंडिंग खात्यात बॉबिनी भरायची. कामगार कल्याणच्या खोलीत एक हवाइयन गिटार धूळ खात पडली होती. कुणीतरी हौसेनं आणवली, आणि वाजवणारा कुणी मिळाला नाही. मांडीवर आडवी ठेवायची, तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. सूर कसा वाटेल तसा ओढता येतो, गळ्यातून निघाल्यासारखा. मी ती वाजवायला शिकले. वर संध्याकाळी रेडिओ दुरुस्तीच्या क्लासलाही जायची. क्लासात मी एकटीच बाई. आई म्हणायची, आमच्या अनसूयेला एक धड काही करता येत नाही, म्हणून दहा गोष्टी करते.

या दोन्ही उद्योगांची गाठ एका डब्यात पडली. गिटारचा सूर त्या डब्यातून जायचा आणि पलीकडच्या कर्ण्यातून निघताना त्याला सुंदरीसारखी धार आलेली असायची, म्हणून मी डब्यालाच सुंदरी म्हणायची. आत विशेष काही नव्हतं. बॅटरीचा सेल, चार सुटे भाग आणि मोडीतल्या जुन्या रेडिओतून काढलेले दोन ट्रान्झिस्टर. सगळी जादू त्या दोघांत होती, कारण ते जर्मेनियमचे होते.

हे जर्मेनियम मोठं लहरी प्रकरण. ना धड धातू, ना धड दगड. दिसायला चांदीसारखं राखाडी, चकचकीत, आणि ठोकायला जावं तर काचेसारखं फुटणार. वीज वाहून नेईल म्हणावं तर नेत नाही, अडवील म्हणावं तर पुरती अडवतही नाही. मी आधी बाजारात नवीनच मिळायला लागलेले सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर लावून पाहिले होते. ते उन्हातान्हात इमानदारीनं राबतात, पण त्यांतून निघालेला सूर पत्रा कापल्यासारखा कानाला टोचायचा. जर्मेनियमचं तसं नाही. बारीकशा विजेलाही ते जागं होतं. कांडी जोरात फिरवली की कडाडतं, हलकी केली की मऊ पडतं, आणि सूर विझताना असा विझतो की कुणाचा तरी दम संपत आल्यासारखं वाटावं. आप्पांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "माझा श्वास कुठनं चोरलास गं?"

पण या लहरी माणसाला ऊन सोसत नाही. गारव्यात शहाण्यासारखं वागतं, तापलं की अडवायची वीज सोडून देतं. एकदा गळती लागली की सूर आधी फाटतो, मग फुरफुरतो, मग बसतोच. आमच्या क्लासचे सर म्हणायचे, जर्मेनियम वापरणाऱ्यानं माठाशेजारी बसावं. म्हणून तर मी माठाशेजारी बसले होते.

आणि डावावर काय लागलं होतं, तेही सांगते. ढवणसाहेब टाइम ऑफिसातले, मंडळाचे म्होरके, पेटी वाजवायचे. माणूस वाईट नव्हता, पण डब्यातून निघणाऱ्या सुरावर त्यांचा विश्वास नव्हता आणि वाइंडिंगच्या पोरीवर त्याहून नव्हता. आप्पांनी सगळ्यांशी भांडून मला आपल्या जागेवर बसवलं होतं. शेवटी ढवणसाहेब म्हणाले होते, "ठीकंय. मेळ्यात वाजलं, तर आप्पांची जागा हिची. नाही वाजलं, तर पुढच्या महिन्यापास्नं मी क्लॅरिनेटवाला आणतो. तो त्याच्या धुनी वाजवंल." म्हणजे त्या दुपारी नुसती माझी जागा नाही, आप्पांची धूनही पणाला लागली होती. मी बसले नाही, तर ती धून वाजवणारं कुणी उरणार नव्हतं.

मंडळात मला सगळ्यात जास्त कोण छळायचं, तर हणमंतमामा. ते हलगी वाजवायचे. हातभर रुंद कडं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, आणि मामांच्या हातात ती अशी बोलायची की बसलेला माणूस उठावा. माझ्या डब्याला ते "टिफिन" म्हणायचे. "ह्यात भाकरी ठेव पोरी," म्हणायचे, "वाद्य म्हंजे कसं, त्याला कातडं पायजे, लाकूड पायजे, जीव पायजे. ह्या टिफिनात कसला आलाय जीव!" तीन महिने तालमी झाल्या, मामांनी एकदाही माझ्याकडे बघून मान हलवली नाही.

मेळ्याआधीच्या शेवटच्या तालमीत मात्र गंमत झाली. धुनेच्या शेवटी एक जागा आहे, तिथे सुंदरी एकाच सुरावर रेंगाळते आणि हलगी तिच्याभोवती फेर धरते. मी तो सूर धरला आणि मामा वाजवता वाजवता थांबले. मग नाक ओढून पुन्हा सुरू झाले. जाताना म्हणाले, "टिफिनात भाकरी न्हाई वाटतं." मी घरी नाचत गेले.

तर मी डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवला आणि गिटारच्या तारा लावायला पडद्याआड गेले. तारा लागल्या, कर्णेवाल्याशी भांडून झालं, तोवर आमच्या नावाचा पुकारा झाला. मी माठाकडे धावले, तर डबा नाही. मागे वळते तर हणमंतमामा समोर. "तुझी पेटी मांडून आलोय पोरी. चल बस, पडदा वर जातोय."

पेटी म्हणाले. टिफिन नाही म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की काही विचारायचं भान राहिलं नाही. रंगमंचावर माझ्या पाटाशेजारी डबा व्यवस्थित ठेवला होता, खाली मामांचा स्वतःचा कोरा पंचा घडी करून. मी डब्याबाहेर लोंबणाऱ्या वायरींची टोकं घाईघाईनं जोडली, गिटार मांडीवर घेतली आणि पडदा वर गेला.

समोर माणसंच माणसं. पहिल्या रांगेत आप्पा, डोक्याला केशरी फेटा, दोन्ही हात काठीवर. त्यांच्या पलीकडे परीक्षक, अक्कलकोटकडचे एक वयस्कर सनईवादक उस्ताद. ते डोळे मिटूनच बसले होते. प्रत्येक मंडळ म्हणे ते असंच ऐकत होते.

धून हलगीनं सुरू व्हायची. मामांनी थाप दिली आणि मैदान सरसावून बसलं. चार आवर्तनं झाली, माझी वेळ आली, मी कांडी तारेवर ठेवून सूर ओढला.

फुर्रर्र.

फाटक्या पिपाणीतून निघावा तसा आवाज, आणि मग तोही नाही. मी पुन्हा ओढला. फुस्स. कुणीतरी शिट्टी मारली. ढवणसाहेबांनी पेटीवरून माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यात राग नव्हता. "मी म्हणलं नव्हतं?" एवढंच होतं.

मी डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखा तापला होता. मी मामांकडे बघितलं. मामा हलगी वाजवत माझ्याकडे बघून हसत होते, डोळे अगदी लुकलुकत होते. लेकीला लुगडं घेतलेल्या बापाचा चेहरा असतो ना, तसा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हलगी वाजवायला घ्यायच्या आधी जाळावर शेकतात. कातडं ओलसर असेल तर ढिलं पडतं, शेकलं की ताणतं आणि खणखणीत बोलतं. मांडवामागे मामांनी नेहमीप्रमाणे सुताच्या गुंतवळीचा जाळ केला होता. आणि माझं वाद्य त्यांना कुठे दिसलं? ओल्या वाळूत, ओल्या फडक्यात! हळहळले असतील बिचारे. पोरीला कळत नाही, वाद्य भिजवून बसली, म्हणून त्यांनी फडकं सोडून ते उचललं आणि आपल्या हलगीशेजारी, आपल्याच जाळावर, आपल्याच हातानं शेकलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डब्याला वाद्य मानलं होतं. मान दिला तो असा दिला की वाद्याची वाचाच गेली.

आता हे त्यांना कसं सांगायचं? जर्मेनियम, गळती, ट्रान्झिस्टर, यातलं काय सांगणार होते मी, त्या कल्लोळात, भर रंगमंचावर? हलगीचं आवर्तन संपत आलं होतं. ते थांबले की सगळंच थांबणार होतं. मी पाटावरून वाकून ओरडले, "मामा, जास्त शेकली!"

मामांचं हसू क्षणभर थांबलं. आणि मग जे झालं त्यासाठी मी त्यांना आजही हात जोडते. एक शब्द जास्त सांगावा लागला नाही. जास्त शेकलेली हलगी कुणी वाजवत नाही. कातडं नको इतकं ताणलं की ती ठाण ठाण करते, मग तिला पाण्याचा हात लावून थोडा वेळ निवू द्यावं लागतं. हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. ते ओरडले, "निवू दे! म्या हाय की हितं!" आणि पंजानं ढवणसाहेबांना पेटी बंद करायची खूण करून, हलगी छातीशी धरून, पार पुढे रंगमंचाच्या कडेला गेले.

तिथून पुढे काय वाजवलं त्यांनी! आधी हळू, कुणी दार ठोठावल्यासारखं. मग चाल वाढली. मग हलगी स्वतःशीच सवालजवाब करायला लागली. शिट्टी मारणारे टाळ्यांवर आले. बायका उभ्या राहिल्या. माझ्या मुक्या डब्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये, म्हणून तो माणूस सगळं मैदान एकटा आपल्याकडे ओढून घेत होता.

इकडे मी पहिल्या रांगेकडे बघून दोन्ही हातांनी ढेकूळ फोडल्याची खूण केली, डब्याकडे बोट दाखवलं आणि तोंडानं म्हटलं, बर्फ! आप्पांना सुंदरीचा स्वभाव मी पुन्हा पुन्हा सांगितला होता. त्यांनी काठी टाकली. सत्तरीला आलेला माणूस, मांडवाबाहेरच्या गोळेवाल्याच्या गाडीकडे जे धावत सुटला! परत आले तेव्हा डोकं उघडं होतं. केशरी फेट्यात बर्फाची अख्खी लादी गुंडाळलेली, धोतरावरून पाणी ओघळतंय, मागून गोळेवाला "ओ आजोबा, माझा बर्फ" करत येतोय. आप्पा रंगमंचाच्या मागच्या पायऱ्या चढून आले आणि धापा टाकत लादी माझ्यापुढे ठेवली.

"आत पाणी जाऊ देऊ नको," म्हणाले.

"नाही जाणार, आप्पा."

ट्रान्झिस्टर मी डब्याच्या पत्र्याला चिकटवूनच बसवले होते, आतली धग पत्र्यातून बाहेर पडावी म्हणून. आता त्याच पत्र्यातून गारवा आत जाणार होता. मी डबा मामांच्या पंचात गुंडाळून लादीवर ठेवला आणि तार हलकेच छेडत राहिले. फुस्स. फुस्स. फुर्र. मामांच्या सदऱ्यातून घाम निथळत होता. ढवणसाहेब पेटीवर हात ठेवून गोठल्यासारखे बसले होते. आप्पा माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून डब्याला कान लावून होते, जसं काही तो आतून बोलेल.

आणि तो बोलला. आधी घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. मग एकदम घसा मोकळा झाला आणि कर्ण्यातून सुंदरी निघाली.

मामांनी मागे वळून बघितलं, मान हलवली, आणि हलगी एकदम खाली आणली, माझ्या सुराला बसायला जागा करून दिली. ढवणसाहेबांनी पेटी उघडली. मी आप्पांची धून धरली. बर्फानं डबा इतका गार झाला होता की मी तालमीतसुद्धा असा सूर ऐकला नव्हता. रेंगाळायच्या जागेवर आले तेव्हा मी कांडी धरून ठेवली, धरूनच ठेवली, आणि आप्पा माझ्या बाजूला बसून ओठ मिटून गाल फुगवत होते, त्यांचा आणि माझा दम एकच असल्यासारखे. सूर विझला तेव्हा त्यांनीच श्वास सोडला. मग जो गजर झाला, त्यात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही, ते बरं झालं.

निकाल लागायला अंधार पडला. उस्ताद उठले, माइकसमोर आले. मंडळांची बक्षिसं जाहीर झाली, आम्ही पहिले. मग ते म्हणाले, "वैयक्तिक वादनाचं बक्षीस मी सुंदरीवादनाला देतो. ज्यांनी वाजवली त्यांनी पुढं यावं. इतक्या वर्षांत इतका लांब दम मी ऐकलेला नाही."

आमच्या मंडळात चुळबुळ झाली. दुसऱ्या एका गिरणीचे म्होरके ताडकन उठले. "उस्ताद, त्यांच्यात सुंदरीच न्हवती! एक बाई गिटार वाजवत होती, बर्फावर डबा ठेवून! वाद्यच नाही तर बक्षीस कसलं?"

उस्तादांनी डोळे उघडले. "सुंदरी नव्हती?" त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पांना ते ओळखत होते.

आप्पांनी माझा दंड धरून मला पुढे केलं. बोळक्या तोंडानं शब्द नीट निघत नव्हते, पण माइकजवळ उभे असल्यानं सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "होती. ही वाजवत होती. माझी आता हिची हाय."

उस्ताद माझ्याकडे आले. डबा हातात घेतला, कानाशी नेला, हलवला. "ह्यात काय आहे, बेटी?"

"जर्मेनियम," मी म्हणाले.

"मला त्यातलं कळत नाही," उस्ताद म्हणाले, मग त्या म्होरक्यांकडे वळून, "पण मी परीक्षा कानानं केली. डोळ्यांनी करायची असती तर मला कशाला बोलावलंत?" आणि ढाल माझ्या हातात दिली.

आज माझा भाचा जर्मेनियमची भिंगं बसवलेल्या कॅमेऱ्यांवर काम करतो. ते भिंग आपल्या डोळ्यांना आरशासारखं दिसतं, पलीकडचं काही दिसत नाही. पण ऊब मात्र त्यातून आरपार जाते. अंधारात उभ्या असलेल्या माणसाची नुसती ऊब त्यात उमटते, म्हणे. भाच्याला त्याचं फार नवल वाटतं. मी म्हणते, बाबा रे, त्या जर्मेनियमला माणसाची ऊब कळते, हे मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. एकदा तर त्याला ती जरा जास्तच कळली होती.

त्या रात्री हणमंतमामा ढाल बघायला आले. "पोरी, चूक झाली बघ," म्हणाले, "तुझ्या पेटीला किती शेकायचं ते मला म्हाईत न्हवतं. पुढच्या बारीला सांग, तेवढंच शेकतो."

"सांगेन, मामा," मी म्हणाले.

आप्पांनी रंगमंचावरच पडलेला आपला फेटा उचलला. बर्फाच्या पाण्यानं चिंब झाला होता. त्यांनी तो पिळला, झटकला आणि माझ्या डोक्याला बांधायला सुरुवात केली. बायकांच्या डोक्याला फेटा तेव्हा कुणी बांधत नसे. खाली बसलेली माझी आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. पीळ एकही चुकला नाही. मानेवरून पाठीत गार पाण्याचे ओघळ उतरत होते आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

ढवणसाहेब माइकपाशी गेले. घसा खाकरला. मंडळातर्फे आभार मानले, गिरणीचे, परीक्षकांचे, गोळेवाल्याचेही. मग माझ्याकडे वळले आणि माइक बंद न करता म्हणाले, "अनसूयाबाई, उद्या संध्याकाळी तालीम आहे. आपण वेळेवर या."